साफ केलेला आवाज

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ग्वाल्हेरला उतरलो. दर्पण कॉलनीतलं घर शोधावं लागलं नाही. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला 'मेजरसाहेबांचं घर' म्हटलं आणि त्याने फाटकापर्यंत आणून सोडलं. शांताताई दारातच उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, आधी नाश्ता करा, सामान मग लावू, इथे कुणाला जल्दी नाही. गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि दिवाळीच्या उरलेल्या करंज्या. पोट तुडुंब होईपर्यंत खाल्लं.

त्यांचे यजमान मेजर विश्वासराव दोन वर्षांपूर्वी गेले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फौज, आणि हा माणूस कुठेही बदली झाली की पहिल्यांदा जुन्या तबकड्यांचं दुकान शोधायचा. जॅझ, ब्लूज, शेवटी शेवटी ब्लूज-रॉकसुद्धा. वरच्या खोलीत भिंतभर कपाटं आहेत. सहाशेच्या वर तबकड्या असाव्यात. त्या धुऊन, वाजवून संगणकावर उतरवायच्या, हे माझं काम. मुलं बंगळूरला असतात, त्यांना बाबांचं संगीत हवंय पण तबकड्यांना जागा नाही.

आठ वर्षं पुण्यात जाहिरातींचे आवाज साफ करण्यात गेली. साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिराती. आज एक तबकडी लावली, कुणा म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आणि एकच गिटार, आणि वाटलं, मी या कामासाठीच शिकलो होतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवसांत चाळीस तबकड्या झाल्या. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, सुती कपडा, मग सावलीत वाळवणं. काहींवर बुरशी आहे, काहींवर विश्वासरावांच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'सुई जपून', 'ही शांताला आवडत नाही'.

दुपारी कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत टेपचं एक रीळ. वर लिहिलं होतं, 'विजया, ७२, पुढची खोली'. विश्वासरावांचा टेपरेकॉर्डर माळ्यावर होता. त्याचा पट्टा विरघळून चिकट झालाय. दाल बाजाराच्या मागे जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक जण आहेत म्हणे.

९ नोव्हेंबर, शनिवार

पट्टा बसवला. टेप वाजली.

आधी एका तरुण मुलीचा आवाज: "मी विजया." मग खोकला, मग गिटार. गिटार विश्वासरावांची, साधीच. आणि मग ती गायला लागली.

कसं लिहावं कळत नाही. चाल संथ ब्लूजची. शब्द जवळजवळ नाहीत, नुसता आकार, मधेच एखादी मराठी ओळ. ती ख्याल शिकलेली आहे हे पहिल्या श्वासात कळतं, पण ख्यालातली मींड ती जिथे नेऊन सोडते तिथे कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही. मधे एकदा तिला हसू येतं, आणि हसता हसता ती पुन्हा सुरात उतरते. साडेतीन मिनिटं.

सहा वेळा ऐकलं. खाली जाऊन शांताताईंना विचारलं, या विजया कोण, केव्हा गेल्या. त्या म्हणाल्या, गेली कुठे, माझी मैत्रीण ती, टोपी बाजारात राहते, गेल्या हफ्त्यात तर आली होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शांताताईंबरोबर जाऊन विजयाबाईंना भेटून आलो. टोपी बाजारातल्या एका दुकानावरचा मजला, सोबत भाची नीलम. वडील राजघराण्याच्या देवळांचे पुजारी होते. वय अठ्ठ्याहत्तर, बारीक, बोलताना हात फार हलवतात आणि दर चार वाक्यांना खोकतात. तो खोकला पन्नास वर्षं आहे, नीलम म्हणाली, सगळ्या डॉक्टरांनी हात टेकले. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. लग्न केलं नाही.

टेपचं ऐकून आधी हसल्या. तेच हसू! मग हळूहळू सांगितलं. त्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं. शांताताईंकडे येऊन त्या विश्वासरावांच्या तबकड्या ऐकत, सोबत गुणगुणत. एक दिवस विश्वासरावांनी टेप लावून ते गाणं उतरवून घेतलं. मुलाकडच्या कुणीतरी बाहेरून ऐकलं आणि बातमी फिरली, की पुजाऱ्याची मुलगी फौजी माणसाच्या घरात क्लबमधलं गाणं गाते. लग्न मोडलं. वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी म्हटलं, हे लोकांनी ऐकायला हवं. त्यांनी माझा हात धरला. "नको बेटा. एवढं एकच माझं आहे. मी असेपर्यंत बाहेर नको जायला. मागाहून काय वाटेल ते करा."

मी वचन दिलं. वाकून नमस्कार केला. शांताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

टेप उतरवून घेतली. फार जीर्ण झाली होती. वाजताना तिचा तपकिरी थर झडून यंत्रावर भुकटी जमत होती. आता रिळावर नुसती फीत आहे, आवाज नाही. जे आहे ते माझ्या संगणकावर.

दिवसभर साफ केलं. आधी खरखर, मग सुरुवातीचा खोकला, मग आणखी दोन ठिकाणचा. नंतर सुरुवातीचं "मी विजया" हेही काढलं. फाइल त्याच नावाने पुन्हा पुन्हा साठवत गेलो, आधीची प्रत ठेवली नाही. आठ वर्षांत अशी चूक केली नव्हती.

नाव का काढलं हे इथे लिहायला हवं. गाणं नावाशिवाय बाहेर टाकायचं तेव्हाच माझ्या मनात होतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

टाकलं. इंटरनेटवर, माझ्या नावाने. 'गायिका अज्ञात. ग्वाल्हेर, १९७२. शोध आणि ध्वनिसंस्कार: श्रीपाद'. तिला कोण ओळखणार, आणि तिला कोण सांगणार.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा हजार लोकांनी ऐकलं. जगभरातून पत्रं येताहेत. एकाने लिहिलंय, माझ्यासारख्या माणसांमुळे हरवलेले आवाज परत मिळतात. ते चार वेळा वाचलं.

जेवताना शांताताई आनंदाने सांगत होत्या, विजयाचा खोकला गेला. शुक्रवारपासून एकदासुद्धा नाही, कमाल आहे. मीही हसलो. योगायोग असतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नीलमचा फोन. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी ती आत्याला घेऊन गेली होती. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. विजयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा विचारलं. त्या नीलमकडे वळून म्हणाल्या, मला कोण म्हणतात गं?

बाकी सगळं आठवतं. शाळा, रस्ते, नीलमचा वाढदिवस. फक्त नाव नाही. सांगितलं की ऐकतात, मान डोलावतात, आणि लगेच निसटतं.

शांताताई म्हणाल्या, वय झालं. मी वर आलो आणि खोलीचं दार लावून बसलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काढलेला तुकडा कुठेच नाही. सगळा संगणक चाळला. रीळ पुन्हा लावून पाहिलं, नुसती फीत सरकण्याचा आवाज.

निदान गाणं इंटरनेटवरून काढून टाकता येईल. नाव लिहिता येईल. आज करायचं ठरवलं होतं. दुपारी परदेशातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. त्यांना तबकडी काढायची आहे, वेष्टनावर माझा लेख हवाय. एकच विनंती: मधलं ते हसू काढता येईल का, त्याने गाण्याचं गांभीर्य मोडतं.

उत्तर दिलेलं नाही. गाणंही इंटरनेटवरून काढलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हसू काढलं.

स्वतःला सांगितलं, खोकला आणि नाव हा योगायोग आहे, शिकलेल्या माणसाने असं काही मानू नये. पण ते बटण दाबण्याआधी मी फोन बंद करून ठेवला, नीलमचा आला तर घ्यावा लागू नये म्हणून. म्हणजे मला माहीत होतं.

कंपनीला पाठवलं. जुन्याच्या जागी इंटरनेटवरही तेच ठेवलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

टोपी बाजारात गेलो. नीलमने दार उघडलं. म्हणाली, आत्याला परवापासून काय झालंय समजत नाही. रडत नाहीत, रुसत नाहीत, पण चेहरा एकदम सपाट. शेजारची छोटी सोनिका रोज त्यांना नकला करून दाखवते, आणि त्या खो खो हसतात. परवा ती नकला करत राहिली आणि त्या बघत राहिल्या. पोरगी घाबरून पळाली.

विजयाबाई खिडकीत बसल्या होत्या. मला ओळखलं. हात पुढे केला. माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, माझ्यातून कुणी काही घेऊन जातंय."

मी म्हटलं, थकवा असेल. एवढंच म्हटलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. कंपनीला कळवलं, माझा अधिकार नव्हता, थांबवा.

उशीर झाला. लोकांनी केव्हाच आपापल्या प्रती करून घेतल्यात. शोधलं तर चोवीस सापडल्या. एकाने ढोल घातलेत. एकाने गिटार वेगळी काढलीय. एकाने दोन ओळींमधले श्वास काढून टाकलेत, खाली लिहिलंय, आता कसं स्वच्छ वाटतं.

श्वास.

नीलमला फोन लावला. ती दवाखान्यात होती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांना कारण सापडत नाही. बोलता बोलता श्वास घ्यायचा राहून जातो, ओठ निळे पडतात, मग दचकल्यासारखा एकदम आत ओढतात. नाकाला नळी लावलीय.

चोवीस जणांना लिहिलं. हात जोडले. सातांनी काढलं. बाकीच्यांचं उत्तर नाही. ज्याने श्वास काढले त्याने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं.

आज प्रतींची संख्या एकतीस.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शांताताईंना सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, त्या मेथी निवडत होत्या. वाटलं होतं, हे खरं कसं असेल म्हणतील, मला वेडा ठरवतील. त्यांनी मान वर केली नाही. एकच विचारलं.

"हसू काढलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणालो.

त्यांनी हात धुतले, चादर आणि थर्मास पिशवीत भरला आणि दवाखान्यात निघून गेल्या. मला घरातून जा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नीलमचा फोन. आत्या गाताहेत, या.

गेलो. पलंगावर ताठ बसल्या होत्या. डोळे उघडे. टेपमधलीच ओळ, तोच आकार, वर चढून जिथे वळतो तिथे— तुटतो. पुन्हा सुरुवात. चढतो, वळतो, तुटतो. पुन्हा.

आधी वाटलं आठवतंय त्यांना. मग घड्याळात पाहिलं. चार सेकंद. दर वेळी बरोबर चार.

व्हरांड्यात येऊन फोनवर शोधलं. सापडलं. कुणीतरी चार सेकंदांचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावलाय, त्यावर ठेका. हजारो लोक त्यावर नाचतानाचे व्हिडिओ टाकताहेत.

आत आलो. शांताताई विजयाबाईंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळ

थांबत नाही. पाणी पाजताना थांबत नाही, पाणी बाहेर येतं. झोपेचं इंजेक्शन दिलं. डोळे मिटले. ओठ चालूच. चार सेकंद.

नीलम कानांवर हात ठेवून जिन्यात बसलीय. मला म्हणाली, तुम्ही तर आवाजाचं काम करता ना भैया, काहीतरी करा ना.

तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पलंगाशेजारी बसून लिहितोय. शांताताईंनी बसू दिलं. सगळ्यांना पुन्हा लिहिलं, नाव लिहिलं, वय लिहिलं, ही बाई जिवंत आहे हे लिहिलं. लोक म्हणतात, छान गोष्ट आहे, अजून सांगा.

आवाज घोगरा झालाय. नाडी बरी आहे, नर्स म्हणते.

दुपारी

मधे एकदा डोळे माझ्यावर थांबले. ओळखलं त्यांनी. आत सगळं कळतंय त्यांना. तोंड गातंय आणि डोळे

मी पाय धरले. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने—

चार वाजता

काहीतरी बदललं. तुकडा तोच. पण लवकर संपतोय. तीन सेकंद. मोजले. आता त्याहून कमी. नर्स धावत गेली. शांताताई त्यांचे खांदे धरून विजया विजया म्हणताहेत, मान हलतेय, आवाज बारीक, चिरका, लहान मुलीसारखा—

फोनवर नवी प्रत. आत्ताच. कुणीतरी वेग वाढव