फियाटचे चार प्लग

पुष्पलता,

मी पेट्रोलची रबरी नळी आणाले नंदनवनच्या मिस्त्रीकडे चाललो. जुनी हात लावताच तुटली. फियाटचे चार प्लग स्वयंपाकघरात ताटात ठेवले आहेत, ते हलवू नको. प्लगच्या भोकांतून इंजिनात चमचा चमचा ऑइल सोडलं आहे, ते दुपारपर्यंत मुरू दे. चमचा तुझा लोणच्याचा होता, दुसरा सापडला नाही.

नऊ वर्षं दर दसऱ्याले गाडी धुतली, हार घातला, पण चाबी एकदाही फिरवली नाही. टाकीतलं पेट्रोल पार सडलं. काहून फिरवली नाही, ते तुले माहीत आहे. गुंजनची पाठवणी याच गाडीतून करीन म्हणत होतो, अन् पोरगी कोर्टात लग्न करून निघून गेली.

सकाळी तिचा फोन आला, तो मीच उचलला. तुले तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहून राहिलो. ती पाचच्या ट्रेननं येऊन राहिली, नातीले घेऊन. "बाबा, स्टेशनवर कोणी येईल का?" असं विचारत होती. मी तसाच फोन ठेवला अन् गाडीचं बोनेट उघडलं.

तू चारले तयार राहजो. फियाट सुरू नाही झाली तर ऑटोनं जाऊ.

तिले फोन मात्र आत्ताच कर. सांग, बाबा येऊन राहिले.