शिरा म्हणजे गाणं

बाबा, परवा तुमच्या नातीचा बंगळूरहून फोन आला होता. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला आता दिवस भरत आलेत आणि ती मोबाइलवर बाळासाठी नावं शोधत बसते. फोनवर ओरडलीच, "मम्मा, तुझं नाव आहे यात! शिरा. ओरिजिन हिब्रू, मीनिंग गाणं. खाली लिहिलंय की आजकल खूप पॉप्युलर होतंय. छोटं है, बाहेर देशातपण चालतं." मुलगी झाली तर तिला नोआ ठेवायचं म्हणते. तेही हिब्रूच, आणि अर्थ हालचाल. मग तिनं विचारलं, "पण नानांना हे नाव मिळालं कुठे? ते इस्रायलला गेले होते का?" मी म्हटलं, "तुझे नाना उज्जैनच्या पुढे कधी गेले नाहीत." ती हसली, तिची मीटिंग सुरू झाली, फोन बंद झाला. मी मात्र फोन हातात धरून बसून राहिले. पुढचं सगळं सांगायला तोंड उघडलं होतं, ते आता तुम्हालाच सांगते. तुम्हाला ते ठाऊक आहे, तरी.

इंदूरला मिलच्या चाळीत आपल्या भिंतीला भिंत लागून ते नवरा-बायको राहायचे. तो तुमच्याच मिलमध्ये, तुमच्यासारखाच मागांवर फिटर, ती घरी शिवणकाम करायची. ते यहुदी होते, पण चाळीत हे कुणाच्या नीट ध्यानातच यायचं नाही. आडनाव कोकणातल्या गावाचं, मराठी आपल्यापेक्षा चांगलं, भांडणंसुद्धा मराठीत. फक्त शुक्रवारी संध्याकाळी ती काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चूल पेटायची नाही. त्याची शनिवारची पाळी तुम्ही करायचात, तो तुमची रविवारची. समोरच्या हलवायानं तुम्हाला विचारलं होतं, "भिया, ये आपके पड़ोसी मराठी हैं तो शनिचर को चूल्हा क्यों नहीं जलाते?" आणि तुम्ही म्हणालात, "उनका इतवार एक दिन पहले आता है." त्याला ते पटलंही.

तुम्हाला सख्खी बहीण नव्हती, म्हणून माझ्या बारशाला तुम्ही शेजारच्या त्या बाईंना आत्या केलंत. भटजींनी श अक्षर काढलं होतं आणि आजीनं शारदा ठरवून टाकलं होतं. आई सांगायची, आत्या पाळण्यावर वाकली, बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले, तिनं माझ्या कानात कुर्र केलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, "शिरा." मग आजी म्हणाली, "अगं, हे पोरीचं नाव आहे की प्रसाद?" आत्या लाल झाली. "आमच्या हिब्रूत शिरा म्हणजे गाणं हो. माझी धाकटी बहीण गेली ना इस्रायलला, तिकडे मुलींचं ठेवतात हे नाव." सगळ्या बायका तुमच्याकडे बघायला लागल्या. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "आत्यानं कानात सांगितलं ना? झालं तर. कानात गेलेलं आता बाहेर कसं काढणार?" आईनं मला खूप नंतर सांगितलं की ते नाव आत्यानं स्वतःच्या मुलीसाठी जपून ठेवलं होतं. तिचं एकही मूल जगलं नाही.

पण बाबा, ज्या गावात सकाळ पोहे-जलेबीनं उजाडते तिथे हे नाव घेऊन शाळेत जायचं होतं मला. आपल्याकडे शिरा म्हणजे रव्याचा, आणि हिंदीत शीरा म्हणजे जलेबीचा पाक. पोरं वर्गात हाका मारायची, "ए शीरा, जलेबी किधर है तेरी?" एकदा मी रडत घरी आले. तुम्ही पाळीवरून येऊन नळाशी बसला होतात, केसांतली कापसाची रुई धूत होतात. मी म्हटलं, माझं नाव बदला, शारदा करा. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही. ओले केस मागे सारलेत आणि म्हणालात, "शेजारी जा. तिच्या तोंडावर सांग की तुम्ही दिलेलं नाव मला नको. मग बदलू. जा आत्ता." इतक्या कडक आवाजात तुम्ही परत माझ्याशी बोललेले मला आठवत नाही.

मी गेले. आत्या स्वयंपाकघरात खाली बसून मलिदा करते आहे. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून चिरलेला खजूर. ती माझ्याकडे बघते, पदरानं माझं नाक पुसते आणि माझ्या हातावर मूठभर ठेवते. "कोणी चिडवलं का?" म्हणते. मी मान हलवते. "त्यांना म्हणावं, थोडं लांबवून म्हणा. शीऽरा. म्हण बरं." मी म्हणते. ती म्हणते, "बघ, गायलीस की."

त्याच वर्षी तुम्ही मला जुनी इंदूर मोहल्ल्यात गाण्याच्या बाईंकडे घातलंत. कुणाची तरी जुनी पेटी आणलीत, तिची एक काळी पट्टी दाबली की वर यायचीच नाही. मी संध्याकाळी रियाजाला बसले की तुम्ही समोर मांडी घालून बसायचात. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं होतं, तुमचे कान तेव्हाच अधू व्हायला लागले होते. आई म्हणायची, "अहो, तुम्हाला ऐकू तरी येतंय का?" तुम्ही म्हणायचात, "येतंय तेवढं पुरे आहे."

मग मिल गेली. एकदम गेली असती तर बरं झालं असतं. आधी रात्रपाळी बंद झाली, मग काही खाती, मग गेटला कुलूप लागलं आणि सगळे म्हणत राहिले की दिवाळीनंतर उघडेल. पेपरात रोज नवीन कंपन्या येत होत्या, नवीन गाड्या येत होत्या, देश कसा पुढे निघालाय ते छापून येत होतं. तुम्ही पेपर घडी करून बगलेत मारायचात आणि गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसायचात. दिवाळ्या येत गेल्या. आत्याच्या यजमानांनी तुमच्यासारखी वाट बघितली नाही. त्यांनी इस्रायलला जायचं ठरवलं. तुम्हाला म्हणाले, "तिकडे कारखान्यात काम मिळेल म्हणतात. तुम्ही इथे बसून काय करणार?" तुम्ही म्हणालात, "मिल उघडली आणि आपण दोघंही नसलो, तर फिटर कोण मग?" मी तिथेच होते, बाबा. तुम्ही थट्टा करत नव्हतात.

ते गेले त्या सकाळी आत्यानं ऑटोत बसल्यावर माझा हात सोडला नाही. "आता तिकडे गल्लीगल्लीत तुझ्या नावाच्या पोरी असतील," म्हणाली, "मी किती जणींना वळून बघू?" ऑटोवाला म्हणाला, "माताजी, गाड़ी छूट जाएगी." तिनं हात सोडला. काही महिन्यांनी तिचं पत्र आलं. तिकडे कुणी शिरा म्हणून हाक मारली की बागेतल्या अर्ध्या मुली माना वळवतात, असं लिहिलं होतं. मी ते तुमच्या कानाशी ओरडून वाचलं आणि तुम्ही हसलात. मिल बंद झाल्यावर मी तुम्हाला हसताना पाहिलं ते तेवढंच. मग पत्रं विरळ झाली, मग थांबली. ती कुठल्या गावात वारली, की अजून आहे, मला माहीत नाही.

गाण्याचा क्लास सुटला. पेटी देपालपूरच्या एका भजनी मंडळाला दिली. तुम्ही स्वतः बसमध्ये मांडीवर घेऊन गेलात. परत आल्यावर पाणी प्यायलात आणि म्हणालात, "कोरड्या जागी ठेवलीय त्यांनी. ओल नाही." आईनं तोंडाला पदर लावला. तुम्ही सगळ्यांना तीच गोष्ट पुन्हा सांगत होतात, ओल नाही म्हणून.

नंतर तुमची छाती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं रुई आत गेली ती आता बाहेर यायची नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तुम्हाला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. एका दुपारी दवाखान्यात तुम्ही मला खुणेनं सांगितलंत, गा. मी शेजारच्या खाटांकडे बघितलं आणि हळूच एक भजन सुरू केलं. तुम्ही मान हलवलीत, ऐकू येत नव्हतं. मग तुम्ही हात पुढे केलात आणि पंजा माझ्या गळ्यावर ठेवलात. मिलमध्ये तुम्ही मागाच्या चौकटीवर हात ठेवून तो नीट चाललाय का ते बघायचात, तसा. मी गात राहिले. तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळानं म्हणालात, "चालू आहे." तुम्हाला माझ्या गाण्याबद्दल म्हणायचं होतं की तुम्ही मिलमध्ये पोहोचला होतात, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. चार दिवसांत तुम्ही गेलात.

मी भंवरकुआंला एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी धरली. आवाज चांगला म्हणून मला माइकवर बसवलं. कोणती बॅच कोणत्या खोलीत, पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर आडवी लावलीय, हे मी निवृत्त होईपर्यंत सांगत होते. गाण्याचं एवढंच झालं, बाबा. मिलच्या जागेवर आधी बाभळी वाढल्या, मग पत्रे ठोकले. आत काय होणार आहे ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. मी त्या रस्त्यानं जात नाही.

हे लेकीला पाठवावं असं आधी वाटलं होतं. पण तिला मराठीच्या दोन ओळी वाचता वाचता घाम फुटतो. म्हणेल, मम्मा, हिंदी में वॉइस नोट भेज दो ना. हिंदीत मला हे सांगता येणार नाही. आणि एक सांगते, तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन जे लाकडी इकडून तिकडे धावायचं, ज्याचं नाव तुमच्या तोंडात दिवसातून किती वेळा यायचं, त्याला आपण मराठीत काय म्हणायचो ते आज दुपारी लिहिताना मला आठवेना. शटल, शटल एवढंच येत राहिलं. आता ज्याला विचारावं असं इथे कुणी नाही. अजून आठवलेलं नाही.