‘कॅलिडोरा’ची सहावी होडी

लिव्हरपूल, ८ सप्टेंबर १८६८

आज ‘कॅलिडोरा’वर रुजू झाले. सहा वर्षं हॉटेलातल्या चादरी धुवून हातांची सालटं निघाली होती. आता काम हलकं आहे. वरच्या वर्गातल्या बायका-मुलांकडे पाहायचं, न्यूयॉर्कला जायचं आणि परत यायचं. माझी खोली कपाटाएवढी आहे, पण तिला आतून कडी लागते. हॉटेलात तेवढंही सुख नव्हतं.

आगबोट देखणी आहे. उंच लाल धुरांडं, पितळेचे कठडे, जिन्याला अजून रंगाचा वास. खलाशांचा मुकादम एझ्रा टकवेल म्हणून आहे, सगळे त्याला तांडेल म्हणतात. दारासारखा रुंद माणूस. माझी ट्रंक त्याने उशी उचलावी तशी खांद्यावर टाकली. मी वेल्सची हे कळल्यावर म्हणाला, “बाई, तुमच्याकडे पाऊस थांबला की लोक घाबरून डॉक्टरला बोलावतात म्हणे!” सगळा डेक हसला. मीही हसले. नवरा खाणीत दगावल्यापासून इतकं मोकळं हसले नव्हते. संध्याकाळी त्याने चहा पाठवला, त्यात रमचा चमचाभर वास होता.

१२ सप्टेंबर

समुद्र खवळलेला. बायका आडव्या पडल्यात आणि मी बादल्या घेऊन या खोलीतून त्या खोलीत. फक्त मिसेस एन्स्ली आणि तिची सहा वर्षांची हेटी ठणठणीत आहेत. तिचा नवरा फिलाडेल्फियात आहे, आता चार वर्षांनी भेट होणार. हेटीने त्याला पाहिलं ते इतकं लहानपणी की फोटो दाखवून मला विचारते, हा माणूस हसतो का गं? मी म्हटलं, तुला पाहिलं की हसेल.

तिसरे अधिकारी केझविक साहेब मिशी फुटावी म्हणून रोज आरशात पाहतात असं तांडेल सांगतो. माणूस सालस आहे. मी सहज विचारलं, संकटात उतरवायच्या होड्या सहाच का? साहेब लाल झाले आणि म्हणाले, कायद्याला तेवढ्या पुरतात.

१६ सप्टेंबर

कालपासून धुकं. कठड्याला धरलेला स्वतःचा हात दिसतो, त्यापुढचं काही नाही. मिनिटामिनिटाला भोंगा वाजतो आणि हेटी कान झाकते. तरी बोट वेग कमी करत नाही. केझविक साहेब कप्तानाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. वेग कमी करा म्हणून सांगायला गेले असावेत.

१८ सप्टेंबर, होडीत

वही एप्रनच्या खिशात होती, पेन्सिलही. बोटं वळत नाहीत, पण लिहायला हवं.

काल दुपारी जेवणाची ताटं मांडत होते. धक्का असा लागला की वाटलं, जमिनीला टेकलो. ताटं सरळ माझ्या अंगावर आली. धुक्यातून एक लोखंडी मालबोट आमच्या कुशीत घुसली होती. ती मागे सरली आणि दिसेनाशी झाली. खालून पाण्याचा आवाज येऊ लागला, धबधब्याखाली उभं राहावं तसा.

कप्तानाचा हुकूम होता की बायका-मुलं आधी. आमच्याकडे सहावी होडी आली. तांडेल दोरांपाशी, केझविक साहेब कठड्यापाशी आणि मी होडीत उभी, मुलांना हातात घ्यायला. मिसेस एन्स्लीचा नंबर पहिला. तिने हेटीला उचललं, मी हात पुढे केले.

तेवढ्यात खालून आगवाले आले. भट्टीवर काम करणारी ती माणसं, कमरेपर्यंत भिजलेली, हातात कोळशाची फावडी. एक म्हातारे पाद्री दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभे राहिले. पहिलं फावडं त्यांच्या डोक्यात बसलं. तो आवाज मी कधी विसरणार नाही. मग बायकांना केसांना धरून बाजूला फेकलं, एकीच्या कडेवर तान्हं होतं. केझविक साहेबांनी पिस्तूल काढलं, ते हिसकावताना आगवाल्यांनी त्यांचा हात कोपरातून उलटा वळवला. आगवाले होडीत घुसले; साहेबांना आत ढकललं की ते पडले, कळलं नाही.

तांडेलाने कुऱ्हाड उचलली. मला वाटलं, आता हा सगळ्यांना आवरेल. त्याने होडीत उडी घेतली आणि दोर तोडले.

आम्ही पाण्यावर आपटलो. वरून माणसं उड्या टाकू लागली. होडीच्या काठावर हात आले, दहा, वीस, अंगठ्या घातलेले, हातमोजे घातलेले. आगवाल्यांनी वल्ही हाणली. तांडेल कुऱ्हाड घेऊन काठाकाठाने चालला, खाटीक ओट्यापाशी चालतो तसा. बोटं होडीत पडत होती. मिसेस एन्स्लीने माझं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हाताने हेटीला वर उचललं होतं. मग तिचा हात सुटला.

‘कॅलिडोरा’ आभाळाकडे टोक करून उभी राहिली आणि बुडाली. आमच्या होडीत चाळीस माणसं मावतात. आम्ही चौदा आहोत.

२० सप्टेंबर

पाण्याचं एक पिंप, बिस्किटांची अर्धी पेटी. दुसरी होडी कुठे दिसत नाही.

केझविक साहेबांचा हात काळा पडलाय, तरी पहिल्या दिवसापासून ते एकच म्हणत होते, मागे फिरा, कुणी तरंगत असेल. आज सकाळी त्यांनी मला सगळ्यांदेखत सांगितलं, बाई, या बाराजणांची नावं लिहून ठेवा, किनाऱ्यावर मी एकेकाला फासावर चढवीन.

तांडेल हसला. म्हणाला, “साहेब, मिशी तर फुटू द्या आधी.”

मग त्याने वल्ह्याने मारलं. तीनदा. दुसऱ्या फटक्यानंतरही साहेब बोलत होते, पण शब्द होत नव्हते. दोघांनी पाय धरून पाण्यात टाकलं. चांगल्या हाताने त्यांनी काठ धरला, तेव्हा कुणीतरी बुटाने —

तांडेलाने हात धुतले आणि पावसाचा, डॉक्टरचा तोच विनोद पुन्हा सांगितला. सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

मग मी नावं लिहिली. शेवटच्या पानावर, बाराच्या बारा.

२१ सप्टेंबर

तांडेलाने विचारलं, काय खरडता सारखं? मी म्हटलं, प्रार्थना. वाचा म्हणाला. वही वेल्शमध्ये आहे, त्याला अक्षर कळत नाही. मी वहीत पाहत त्याच्या भाषेत स्तोत्र म्हटलं. तो टोपी काढून ऐकत बसला. एकदोघे रडले.

त्याला फसवलं, पण वहीलाही फसवलंय. ते आज दुरुस्त करते.

मिसेस एन्स्लीचा हात सुटला नव्हता. ती म्हणत होती, मला नको, हिला घे, फक्त हिला घे. हेटीला घ्यायला मला दोन्ही हात हवे होते. तांडेल कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, “बाई, तुम्ही सोडवता की मी सोडवू?”

मी सोडवला. एकेक बोट उघडलं. पाच. मनाला सांगितलं, कुऱ्हाडीपेक्षा हे बरं. हेटी माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी तिलाच घ्यायला वाकलेय.

२२ सप्टेंबर

दोघं मेले तहानेने. किंवा तहानेने नाही. मी पाहिलं नाही. मी आता मान वळवत नाही. तांडेल माझ्या वाटणीचं पाणी स्वतः हातात देतो, काळजीने, घोट घोट. म्हणतो, तुम्ही जगायला हव्यात बाई. बाईमाणसाने सांगितलं की लोक विश्वास ठेवतात.

२३ सप्टेंबर, सकाळ

शीड! उत्तरेला, पांढरं —

माणसं ओरडतायत, एकमेकांना मिठ्या मारतायत. तांडेलाने गप्प केलं. एकेकाला विचारलं, काय पाहिलंस? प्रत्येकजण म्हणाला, लाट आली, होडी भरलेली होती, बाकीच्यांना लाटेने नेलं. मला विचारलं. मीही म्हटलं. लाट आली.

त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

थोड्या वेळाने

माझ्या मागच्या बाकावर एक आगवाला आहे. गालावर भाजल्याचा डाग. सहा दिवसांत एक शब्द बोलला नाही, मघाशी लाटेवरही नुसती मान हलवली; सगळे त्याला मुका जॅक म्हणतात, यादीत मीही तेच लिहिलं होतं. आता तो वाकून माझ्या कानाशी बोलला. माझ्या भाषेत. माझ्या गावच्या बोलीत —

म्हणाला, बाई, वहीत लाट नाहीये.

पहिल्या दिवसापासून वाचतोय. खांद्यावरून. सगळं. म्हणाला, माझं नाव इफान रीस. आई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते. तिला हे कुणी वाचून दाखवायला नको. फाडा, मी काही बोलत नाही.

फाडलं तर हेटीला आणि तिच्या आईला लाटेनेच नेलं असं ठरेल.

मी वही छातीशी धरली. तो म्हणाला, मग माझा इलाज नाही. रडत होता खरंच —

शीड जवळ आलंय. गलबताच्या कठड्यापाशी माणसं दिसतात, एकजण टोपी हलवतोय.

इफानने तांडेलाला हाक मारली. सांगतोय. बोट दाखवतोय माझ्याकडे.

तांडेल सुकाणू सोडून निघाला. बाकांवरून पाय टाकत. हसतोय. म्हणतो, बाई, ती प्रार्थना आता जशी लिहिलीय तशी, आमच्या भाषेत —

वाचते. ओरडून वाचते, त्या गलबतावर ऐकू जाईल इतकं. नावं चुकायला नकोत, पुन्हा लिहिते. एझ्रा टकवेल. लौरी प्रिचर्ड. इफान री