एकाच घाण्यातल्या दोन सायकली

हवामान केंद्र, घाटमाथा
४ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इथला टेलिफोन अजून मुकाच आहे. दरडीबरोबर खांब आडवे झाले, ते उभे करायला कोणाला सवड नाही. दूधवाल्याचा ट्रक एक दिवसाआड वर येतो, तोच आमचा पोस्टमन. वायरलेस आहे, पण त्यावरून पावसापाण्याच्या आकड्यांपलीकडे काही बोललेलं मुख्य ऑफिसला खपत नाही.

केंद्रात आम्ही दोघंच. आकडे मी घेते आणि ते पाठवतात आमचे वायरलेसवाले. गृहस्थ चांगलेच भरभक्कम, पण बोलणं इतकं हळू की यंत्रापलीकडच्यांना ऐकू कसं जातं कोण जाणे. बायको पहिलटकरीण, खाली गावात आईकडे आहे. त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष सदा घाटाच्या रस्त्याकडे.

माझी धाकटी मजेत आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिच्यावरून घाट उतरते आणि संध्याकाळी मिळेल त्या ट्रकमधून दोघी वर येतो. काय उतार आहे दादा! ते जुनं पोलाद हाताखाली असं गुणगुणतं की नव्या सायकलवाल्यांची कीव येते. हल्ली ब्रेक दाबला की पुढून 'टक' असा आवाज येतो तेवढाच. सगळे नट आवळून पाहिले, फरक नाही. म्हातारीचे गुडघे वाजायचेच, असं म्हणून सोडून दिलं. तुझी थोरली कशी आहे? दुकानापर्यंत जाऊन येऊन तिला सुस्ती चढली असेल.

दाढ फार ठणकते आहे. रविवारी उतरून दाखवून येईन. वहिनीला माझा नमस्कार सांग आणि मला विसरू नकोस म्हणावं.

तुझी,
ठमी

*

७ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र हातात पडेल तेव्हा बाकीचं नंतर वाच. आधी सायकल आत नेऊन ठेव आणि तिच्यावर बसू नकोस. गंमत करत नाही.

तुझी ती 'टक' काल दुकानात दिवसभर माझ्या डोक्यात होती. एका बाईंच्या चष्म्याला चुकीची काच बसवली, इतकं लक्ष उडालं. संध्याकाळी घरी येऊन थोरली खुंटीवरून उतरवली आणि तिचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, फ्रेममधून बाहेर काढला. हॅंडलकडून खाली येणारी त्याची नळी फ्रेमच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. पुसून पाहिलं, तर तळाशी केसाएवढी एक रेघ. मला वाटलं केसच आहे. दुकानातलं भिंग आणून पाहिलं तेव्हा रेघेच्या आत तांबूस गंज दिसला. नख फिरवलं तर अडकलं. ठमे, ती चीर आहे, आणि काल-परवाची नाही. मी रोज सकाळी तिच्यावरून दुकानात जात होतो.

आज सायकल उचलून, ती ज्यांनी बनवली त्या आपल्या कारागिराकडे नेली. आता थकलेत, पण मच्छरदाणीतून हात बाहेर काढून त्यांनी नळी चाचपली. मग म्हणाले की त्या सुमाराला नेहमीच्या नळ्या मिळेनात म्हणून दुसरीकडून आणल्या होत्या. त्यांतले दोन चिमटे मोडून परत आले. एक माणूस सपाट रस्त्यावर तोंडावर पडला, त्याचा जबडा तारेने बांधावा लागला होता. मी त्यांना विचारलं, आमच्या दोन्ही सायकली त्याच घाण्यातल्या का? त्यांनी मान डोलावली. थोरली आणि धाकटी त्यांनी एका पाठोपाठ एक बनवल्या होत्या.

तू उतारावर असतेस. पुढचा ब्रेक दाबलास की सगळा भार त्याच जागी येतो. यापुढचं लिहवत नाही.

वहिनी म्हणते आहे, दाढेसाठी ट्रकने जा, नाहीतर दाढ राहू दे. तिचा शब्द माझ्यापेक्षा मानतेस, म्हणून कळवलं. पत्र पोचल्याचं ताबडतोब लिही.

तुझा,
दादा

*

९ ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पत्र वेळेवर पोचेल याचा भरवसा वाटेना, म्हणून आज दुकान बंद ठेवून तुमच्या मुख्य ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने खाजगी निरोप पाठवता येत नाही म्हणून सांगितलं. मी तिथून हललो नाही. माझा आवाज चढला असावा, कारण आतून एक बाई बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला यंत्राच्या खोलीत नेलं.

तिथे बसून राहिलो. त्या तुमच्या केंद्राला हाका मारत राहिल्या आणि पलीकडून नुसती खरखर. वायरलेसवाले जागेवर नाहीत. दुपारचे आकडेही आले नाहीत. त्या म्हणाल्या की असं कधी होत नाही, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या की यंत्र बिघडलं असेल. वहिनी सकाळपासून खिडकीशी बसली आहे. जेवायला वाढून घेतलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

आज शनिवार. तू रविवारी निघणार होतीस. निघाली नसशील. एक शब्द लिही. 'आहे' एवढंच लिहिलंस तरी चालेल.

दादा

*

गावातला दवाखाना
१० ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आहे. मला काही झालेलं नाही. तुझं कालचं पत्र रात्रीच्या एस.टी.ने आलं, ते ट्रकवाल्याने आत्ता इथेच आणून दिलं. पण जे झालं ते ऐक. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

काल सकाळी दहाच्या सुमाराला गावातल्या पोलीस चौकीच्या वायरलेसवरून निरोप आला की वायरलेसवाल्यांच्या बायकोला वेळेआधीच कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं आहे, जरा अवघड दिसतंय. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ट्रक यायला दुपार होणार होती. ते खोलीतून बाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे. मला ते बघवेना. मी म्हटलं, माझी सायकल न्या. लहानपणानंतर बसलो नाही, म्हणाले. मी स्वतः सीट वर ओढून दिली, ब्रेक दाखवले. तरी गुडघे हॅंडलला लागत होते. आणि दादा, मी त्यांना हसत हसत म्हटलं की पुढून टकटक होते, तिला भिऊ नका.

ते गेले, आणि दुपारी ट्रक आला; वरच्याच वळणांवर ते ब्रेक दाबत सावकाश उतरताना दिसले, असं ट्रकवाला म्हणाला. त्यात तुझं पत्र होतं.

पहिला परिच्छेद वाचला आणि धावत ट्रकपाशी गेले. ट्रकवाल्याला काय सांगितलं ते आठवत नाही. त्याने रिकाम्या किटल्याही चढवल्या नाहीत, तिथल्या तिथे ट्रक फिरवला. आकडे, यंत्र, सगळं तसंच टाकून मी निघाले. तू हाका मारवत होतास तेव्हा त्या खोलीत कोणी नव्हतं.

प्रत्येक वळणावर मी ट्रकवाल्याला थांबवत होते, कठड्याशी जाऊन खाली वाकून बघत होते. खाली काही चकाकलं की ती धाकटीच वाटायची. एकदा पत्र्याचा डबा होता. एकदा नुसतं पाणी होतं. ट्रकवाला म्हणाला की बाई, असं थांबत राहिलो तर ते पुढेच जातील, आणि ते खरंच होतं. मग मी डोळे मिटून घेतले आणि त्याला म्हटलं, कठड्याकडे तूच बघ.

अर्धा घाट उतरल्यावर त्याने कचकन ब्रेक मारला. डोळे उघडले तर ते रस्त्याच्या कडेला उभे. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली होती, म्हणून थोडा वेळ दगडावर बसले होते. आता पुन्हा एक पाय सायकलवरून पलीकडे टाकला होता. समोर घाटातला सगळ्यात उभा उतार. मी खिडकीतून इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा फाटला. त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं आणि सायकल हातातून सोडून मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, बायकोची बातमी घेऊन मी मागे धावत आले. मी उतरून जवळ जाईपर्यंत ते दोन्ही हातांनी डोकं धरून रडत होते आणि मला बोलूच देत नव्हते. तसलं काही नाही हो, हे पटवायला मला किती वेळ लागला! मग खरं काय ते सांगायचं धैर्य झालं नाही. सायकल बिघडली आहे, एवढंच म्हटलं.

मुलगी झाली. आई अशक्त आहे, पण धोका टळला. ते आत गेले तेव्हा मी धाकटीला घेऊन समोरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने हॅंडल सैल करून वर ओढलं, तर हॅंडलबरोबर नळीचा तुकडा वर आला आणि चिमटा चाकासकट खाली राहिला. जोर लावावाच लागला नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी गटाराशी जाऊन ओकले.

'टकटक होते, तिला भिऊ नका.' हे माझं वाक्य काही केल्या कानांतून जात नाही.

वहिनीला म्हणावं, आता जेव. माझ्यावर माया ठेव, मी तिला किती पात्र आहे ते नंतर बघू.

ठमी

*

१४ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वहिनीने फोडलं. 'आहे' वाचून ती जी खाली बसली ती पुढचं वाचायला उठलीच नाही, मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

तुला दोष द्यायचा तर आधी मला दे, सायकली घ्यायची टूम माझी. पण त्याने काही होत नाही. त्या माणसाला मात्र सांगून टाक. आज ना उद्या तो सायकलवाला बोलेल, गावात असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

कारागिरांनी स्वतः उठून दोन नवे चिमटे करायला घेतले आहेत. नळ्या खात्रीच्या, जाड. मी म्हटलं की आता नको, दोन्ही भंगारात घालू. ते म्हणाले, फ्रेम निर्दोष आहेत, चूक माझ्या चिमट्यांची आहे, ती दुरुस्त करू द्या. त्यांना नाही म्हणवलं नाही. तू बस किंवा बसू नकोस. थोरलीवर बसायचा धीर मला अजून झालेला नाही. तिच्या शेजारून गेलो तरी हात आपोआप मागे येतो.

जेवणखाण नीट ठेव. दाढेचं काय झालं ते कळव.

दादा

*

गावातून
७ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दाढ काढली. चिमटा मिळाला. गावातल्या सायकलवाल्याने बसवून ट्रकमधून धाकटी वर पाठवली. आठवडाभर ती व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

वायरलेसवाल्यांना सांगितलं. ते रजेवरून परतले त्याच दिवशी, मोडलेला तुकडा टेबलावर ठेवून सगळं, माझ्या वाक्यासकट. ते यंत्रापुढे जाऊन बसले आणि संध्याकाळचे आकडे पाठवताना दोनदा चुकले. त्यानंतर कामापुरतं बोलायचे. चहा आपल्या खोलीत नेऊन प्यायचे. दादा, दोन माणसांच्या केंद्रात अशी शांतता काय असते ते तुला कळणार नाही. मला त्यांचा राग परवडला असता. त्यांना आतल्या आत घाटाचा तो उतार दिसत असणार, या विचाराने मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

आज सुट्टी होती. सकाळी मी धाकटीला अंगणात आणलं. बसणार नव्हते, नुसती चाकांत हवा भरणार होते. भरून झाल्यावर तिला फाटकापर्यंत नेलं. तेवढ्यात ते बाहेर आले. माझ्या हातातून हॅंडल काढून घेतलं, पुढचं चाक फाटकाच्या दगडी खांबाला टेकवलं, ब्रेक आवळला आणि सगळं वजन टाकून सायकल रेटली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. मी थांबा म्हटलं, थांबले नाहीत. शेवटी दम लागला तेव्हा सोडली, हात पँटला पुसले आणि हॅंडल माझ्या हातात दिलं. हळू जा म्हणाले. आणि जाताच आहात तर दवाखान्यासमोरच्या घरी डोकावून या, बायकोला तुम्हाला मुलगी दाखवायची आहे म्हणाले.

मी बसले. खरं सांगते, पहिल्या वळणापर्यंत श्वास घेतला नाही. तिथे पाय टेकून उभी राहिले. परत वर जावं असं मनात आलं. मागे वळून पाहिलं, तर ते फाटक सोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे होते. काळजीने की पहाऱ्याला, ते इतक्या लांबून कळेना.

मी पुढे वळले आणि ब्रेकवरची बोटं एकेक करून सैल केली.

हे पत्र त्यांच्या घरी बसून लिहिते आहे. मुलगी बापावर गेली आहे, आवाज मात्र त्यांचा नाही. वहिनीला नमस्कार. तुमचा लोभ आहे म्हणून इथवर आले, तो पुढेही सोबतीला असू दे.

तुझी,
ठमी