देवाचे आठ मणी

॥ श्री ॥

शिरूर (घोडनदी),
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. म्हस्कू यास कस्तुराअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर ह्यांना ऐकू जातं, म्हणून लिहिते. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागचा ऑगस्ट वाचत बसू नकोस.

काल चंपाषष्ठी झाली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. ह्यांनी तळी उचलली, पण ताटातला रोडगा तसाच ठेवला. वडगाव रासाईच्या भजनी मंडळाच्या अँप्लिफायरसाठी ह्यांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला घेतला होता. त्यातून चोवीस व्होल्ट यायला पाहिजेत, तर मीटरवर बावीस आणि वर थोडं. उकलून परत गुंडाळला, तेवढंच. तिसऱ्यांदा गुंडाळला, तरी तेवढंच. मंडळाचा पप्पू म्हणाला की काका, आहे तसा द्या, भजनात दोन व्होल्ट कुणाला ऐकू येणार. ह्यांना ते जास्तच लागलं. चाळीस वर्षांत ह्यांच्या हातून अर्ध्या व्होल्टाचा फरक पडला नव्हता.

तुला माहीत आहे, उन्हाळ्यापासून ह्यांना माणसांची नावं आठवत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. ह्यांनी गोल काढला, आकडे काढले, काटे राहिले. सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. त्यावर हे मला एसटीत सांगत होते की घड्याळाचं काय घेऊन बसलीस, माझा ट्रान्सफॉर्मर बरोबर येतोय तोवर माझं डोकं बरोबर आहे. आता तिसरा चुकल्यावर म्हणाले, झालं, डोकं गेलं. गुंडाळायचं मशीन संक्रांतीआधी भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय. मशीन गेलं की हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडेल, मला आत्ताच दिसतंय.

मशीनवरचा फेरे मोजायचा काउंटर दिवाळीत मोडला. नवा कशाला, मी मोजते, असं मीच म्हणाले. हे हँडल फिरवतात, मी मोजते. एका फेऱ्याला एक राम, एक मणी. माळ झाली की वहीत शंभर मांडते. सात माळा, आतल्या बारीक तारेचे सातशे फेरे. तेवढाच जपही होतो. वरच्या जाड तारेचे फेरे थोडे असतात, ते हे स्वतः मोजतात. म्हणजे चूक तिथंच होत असणार, पण तोंडानं सांगू कशी? परवा म्हणाले, बॉबिन हाताला फुगल्यासारखी लागते. मी म्हणलं, तुम्हाला हल्ली काहीही वाटतं.

तू रेल्वेत तीस वर्षं विजेचं काम केलंस. काही सुचलं तर कळव. कानाला तेल घालत जा, आणि बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
कस्तुराअक्का


दौंड,
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. अक्काच्या चरणी म्हस्कूचा सा. न. वि. वि.

ऑगस्ट वाचला. सात तारखेला दूधवाला आला न्हाई, असं कळलं.

पत्र तीनदा वाचलं आन् पेन्सिल घेऊन बसलो. डोकं गेलेला माणूस एकदा वीस व्होल्ट काढील, एकदा सव्वीस. तिन्ही वेळा तेवढंच येतंय, तर ते डोकं न्हाई, कुठंतरी माप चुकतंय. मग आई आठवली. माळ एकशेआठ मण्यांची, पण धरायची शंभर. वरचे आठ देवाला, जपात मन भरकटलं असंल त्याबद्दल. तू तिच्याच मांडीवर शिकलीस.

अक्का, ते आठ देवाला पोचले असतील, पण तारेचे आठ फेरेसुद्धा बॉबिनवर गेले. सात माळांचे छप्पन्न जादा. आतले फेरे वाढले की बाहेरचं व्होल्टेज उतरतं. हिशेब करून बघितला, चोवीसाचे बावीस आणि वर थोडं, बरोबर येतंय. म्हंजी दाजींचे फेरे एकन् एक बरोबर होते. बॉबिन फुगल्याचं त्यांच्या हाताला कळलं, ते पण बरोबर होतं. तुलाच ते ऐकू आलं न्हाई, आन् घरात बहिरा मला म्हणतात.

पत्र हातात पडल्या पडल्या त्यांना सांग. मशीन हलू देऊ नको.

तुझ्या रागाला आन् मायेला धाकटाच राहिलेला,
म्हस्कू


॥ श्री ॥

शिरूर,
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. म्हस्कू यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी देवापुढं माळ ठेवली आणि ह्यांना सगळं सांगितलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, धंद्यात देवाची आठ टक्के भागी आहे हे बाईनं आजवर लपवून ठेवलं. दोन भाकरी खाल्ल्या. पप्पूला फोन करून सांगितलं की मालकीणबाईंची चूक सापडली, रविवारी चोवीस घेऊन जा. माझी चूक गावभर झाली. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी बसलो. ह्या खेपेला माळ देव्हाऱ्यातच ठेवली. दर दहा फेऱ्यांना एक चिंचोका, सत्तर चिंचोके मोजून घेतले. तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून थरांमधे घालायचे कागद मीच कापून देते, ते बारा कापले. एकदा हे कागद हातात घेऊन म्हणाले, हे कशाला कापलेस? मला वाटलं, चेष्टा करतात. मी हसले. माझं लक्ष चिंचोक्यांवर होतं.

नवा ट्रान्सफॉर्मर थेट लायनीला लावत नाहीत, मधे शंभर वॅटचा दिवा ठेवतात, तुला सांगायला नको. दिवा क्षणभर उजळून मंद झाला की काम बरोबर. तो मंद झालाच नाही म्हस्कू. पूर्ण उजळून तसाच राहिला. आत तारा एकमेकींना भिडल्या आहेत, एवढं चाळीस वर्षांत मलाही कळायला लागलं. टेबलाखाली बघितलं तर पाच कागद पडले होते.

मी ते पदरात घेतले. चिंचोके परत मोजले, सत्तरला सत्तर. ह्या खेपेला माझी चूक नाही, आणि ती असावी म्हणून मी दोनदा मोजले.

हे दिव्याकडं बघत बसले होते. मग मला विचारलं की कस्तुरा, मोजणी नीट झाली होती का. मी ताबडतोब म्हणाले की नाही, डोळा लागला माझा, मधले किती सुटले कळलं नाही. त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. म्हणाले, फेऱ्यांनी दिवा असा पेटतो का, म्हस्कूला विचारतो, तो खोटं सांगणार नाही.

म्हणून तुला लिहिते. जन्मात तुला खोटं बोलायला शिकवलं नाही. आता सांगते. ह्यांच्या नावानं पत्र टाक आणि चूक माझीच आहे असं लिही. काय कारण द्यायचं ते मला येत नाही, तुला येईल. पाच कागद मी पोथीत घातले आहेत. ते डॉक्टरांना मीच दाखवून येईन, पण मशीन घरात असू दे.

ह्या पापाची वाटेकरीण,
कस्तुराअक्का


दौंड,
दि. २७ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप हौशीराम दाजींना म्हस्कूचा सा. न. वि. वि.

अक्कानं फोनवर काय ते सांगितलं, निम्मं ऐकू आलं. तुम्ही विचारताय की फेरे चुकले तर दिवा उजळलेला राहतो का. राहतो. आतले फेरे फार कमी पडले की लोखंड भरून जातं आन् नुसता करंट खातं. आमच्या शेडमधे एका पोरानं निम्मेच फेरे घातले, दिवा असाच भकाभका पेटला होता. अक्कानं डुलकीत फेरे न होताच चिंचोके सरकवले असणार, दोन-तीनशे फेरे तरी कमी पडले. झोपाळू ती लहानपणापासून हाय, अभ्यासाला बसली की पुस्तकावर डोकं.

तो ट्रान्सफॉर्मर तुम्ही उकलू नका, तार तुटंल. तसाच ठेवा, मी येऊन उकलतो. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो आन् आठवडाभर राहतो. हँडल तुम्हीच फिरवायचं. मोजायला मी बसतो, त्याला कान लागत न्हाईत, डोळे शाबूत हायेत. थर झाला की कागद मी हातात देत जाईन, तुम्हाला उठायला नको. अक्काला फक्त चहाचं काम द्या.

पप्पूला सांगा, चोवीस व्होल्ट मिळतील, घाई करू नको.

अक्कावर रागावू नये. चूक तिच्या नावावर धरावी, आन् माया आम्हा दोघांवर असू द्यावी.

तुमचाच,
म्हस्कू