उल्हासनगरच्या कोर्टातलं तुमचं भाषण

बाबा, काल अंबरनाथच्या वाचनालयात एक सिनेमा दाखवला. मोर्चा काढला म्हणून खटला भरलेली माणसं, आणि जवळजवळ सगळी गोष्ट कोर्टातच. शेवटी एक आरोपी असा काही बोलतो की न्यायाधीशाची मान खाली जाते. टाळ्या पडल्या. मग चर्चेसाठी मला उभं केलं आणि मी इतकी वर्षं व्यासपीठांवरून सांगते तेच सांगितलं: माझ्या बापानंही उल्हासनगरच्या कोर्टात गर्जून सांगितलं होतं, होय, कंपनीचं फाटक आम्ही अडवलं, उद्याही अडवू! पुन्हा टाळ्या.

तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. मी सातवीत होते, शाळा बुडवून हट्टानं आले होते. कामावर भाजलेल्या सोबत्याला कंपनीनं काढून टाकलं, तेव्हा एमआयडीसीत त्या फाटकावर तुम्ही बोलायला लागलात की शिफ्ट सुटलेली माणसं समोरची रिक्षा सोडून उभी राहायची. जमावबंदी मोडलीत म्हणून खटला भरला; ती मोडण्यात गुन्हा नव्हता, असं मी आजही मानते. कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही सहा आरोपी एकाच डब्यातली भाकरी-सुकट खाताय. त्यातले बुवापाड्याचे काका मला म्हणतात, "पोरी, आज तुझ्या बापाला आवरावं लागणार." आणि आत न्यायाधीश विचारतात, बंदी मोडून जमलात हे खरं का? तुम्ही खाली बघून म्हणता, "खोटं आहे." घोषणा दिल्यात? "खोटं आहे." सगळे मिळून आलात? "खोटं आहे." शेजारून तुमच्याकडे वळून बघणाऱ्या काकांच्या मिशीला भाकरीचं पीठ लागलेलं मला मागच्या बाकावरून दिसत होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही घाबरलात." तुम्ही चिडला नाहीत. "सगळ्यांनी एकच बोलायचं ठरलेलं. मी एकटा खरं बोललो असतो तर बाकीचे खोटे पडले असते. आणि टाळ्या कुणी वाजवल्या असत्या, पोलिसांनी?" पुढे सहाही जण सुटलात, काकांची नोकरी टिकली. माझ्या मनात मात्र ते खाली बघणं राहिलं. मोठी झाले, चार पुस्तकं वाचली, बोलायला शिकले आणि तुमची लाज झाकायला ती गर्जना रचली.

काल काका पहिल्या रांगेत होते. आता काठी टेकत चालतात. सगळे पांगल्यावर जवळ आले. "काय बोललीस गं! तुझा बाप खरंच असं बोलला असता ना, तर आम्ही सगळे आत बसलो असतो. खाज तर लय होती त्याला बोलायची. वकिलानं दटावलं, तर आठवडाभर आमच्या खोलीवर येऊन 'खोटं आहे' म्हणायची तालीम करायचा. जमायचंच नाही. मध्येच भाषण सुरू व्हायचं. आमची बायको हसून हसून बेजार."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही होतात तोवर मीही विचारलं नाही.

रविवारी बदलापूरला तोच सिनेमा आहे, बोलायला मीच. हे पत्र कुठे जाणार नाही, टिपणांच्या वहीतच राहील. सकाळपासून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून म्हणून बघतेय: माझे बाबा कोर्टात दोनच शब्द बोलले. एवढं म्हणायचं आणि थांबायचं. जमत नाही, बाबा. मध्येच भाषण सुरू होतं.