लतामामी आणि अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर

श्रूजबरी, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. दिगंबरमामांना सत्यजितचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं मामीकडून कळलं. (ऐकून जरा वाईट वाटलं. कारण शेवटी सांगतो.) इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि काल जे झालं ते पाहता हे नुसतं पत्रात लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही.

आमचा शेजारी वॉल्टर. या गल्लीत माझं नाव न अडखळता घेणारा आणि हिवाळ्यात आमच्याही दारातला बर्फ काढणारा हा एकटाच माणूस, त्यामुळे त्याला दुखवायची मला फार भीती. त्याच्या वडिलांनी महायुद्धातून जर्मन टायगर रणगाड्याच्या अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर तोंडाच्या तोफेचं रिकामं पितळी काडतूस आणलं होतं, कळशीपेक्षा उंच. इथल्या मराठी मंडळात दसऱ्याला ‘जर्मन तोफा’ या विषयावर बोलायचं मी फुशारकीत कबूल केलं होतं (मला त्यातलं काही कळत नाही, हे मंडळाला भाषणानंतरच कळलं असतं), म्हणून त्यानं ते उसनं दिलं. वर समजावलं, की हे काडतूस विजेनं पेटायचं, तेवढ्याच तोंडाच्या विमानविरोधी तोफेचं टोचणीच्या ठोक्यानं. एकाचं दुसऱ्यात घातलं तर तोफ गप्प. मी मान डोलावली. जाताना त्यानं बजावलं, की पुसायचंसुद्धा नाही. ऐंशी वर्षांचा काळपटपणा आणि पुसट काळी अक्षरं हेच त्याचं मोल. मी मामीला तसं सांगितलं. “माणूस संकोचानं बोलतो रे,” ती म्हणाली.

शस्त्रपूजेला आम्ही लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या मांडतो, ते मामीला कधीच पटलं नाही. काल प्रथमच घरात खरंखुरं शस्त्र. मी आंघोळीला गेलो, आणि तिनं चिंच, मीठ, काथ्या घेऊन ऐंशी वर्षं अक्षरांसकट सिंकमध्ये वाहून टाकली. मग पाटावर पालथं घालून हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि बुडाशी विजेची कळ बसायची त्या भोकात उदबत्त्यांचा जुडगा. नेमका तेव्हा वॉल्टर दारात. काडतूस रिकामं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण ते धुमसताना पाहून तो “गेट डाउन!” ओरडला आणि अंगणातल्या पानांच्या ढिगात पालथा पडला. मागोमाग मामी: “अहो, उठा, प्रसाद घ्या.”

आत येऊन तो त्या लखलखत्या पितळेसमोर उभा राहिला. मी काथ्या हळूच पाठीमागे लपवला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, “डॅड केप्ट अम्ब्रेलाज इन इट.” (म्हणजे वडील त्यात छत्र्या ठेवायचे, त्यांनीही ते कधी एवढं जपलं नव्हतं.) आणि दोन पेढे घेतले. 

भाषण बरं झालं. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना ज्यांना जे शोभेल ते.

तुमचा,
सत्यजित

ता. क. वॉल्टरनं तळघरातली उरलेली सगळी काडतुसं मामीला घासायला आणून दिली आहेत. मामीनं परतीचं तिकीट पुढे ढकललंय. सिंक दिसत नाही, गिरिजा (तुमची भाचेसून) भांडी बाथटबमध्ये घासते. तेव्हा मामा, हात जोडतो, थोडे आजारी पडा आणि मामीला बोलावून घ्या. गुडघासुद्धा चालेल.

ता. क. (लताच्या हातचा) अहो, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. आजारी पडायचं नाही. येणाऱ्या कुणाबरोबर चिंच पाठवा, भरपूर. वॉल्टरभावजींच्या मित्राकडे आख्खा रणगाडा आहे.